परवानगीवाचून बोलणारी माणसे

सप्टेंबरची १७ तारीख उजाडली म्हणजे मराठवाड्यातील प्रत्येक तालुक्याच्या गावी कचेरीपुढे निशाण चढते, शाळेतील मुले रांगेने उभी राहतात, हुतात्म्यांस हार वाहिला जातो आणि अर्ध्या तासात मंडळी चहाला पांगतात. आमचे माजलगाव यास अपवाद नाही. उत्सव होऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु ज्या गोष्टीबद्दल आपण हार वाहिला ती नेमकी कोणती, असे त्या रांगेतील एखाद्या चुणचुणीत मुलाने गुरुजींस विचारले, तर त्यास काय उत्तर मिळेल? बहुधा असे, की निजाम नावाचा एक जुलमी राजा होता, सरदार पटेलांनी फौज पाठविली आणि पाच दिवसांत आपण मुक्त झालो. हे उत्तर खोटे नाही, पण ते निम्मे आहे. आणि जे निम्मे त्यातून गळाले तेच त्या मुलाच्या कामाचे होते. फौज येण्यापूर्वी दहा वर्षे याच मुलखात काही माणसे, हाती सत्ता नसता व पाठीशी पलटण नसता, भर चौकात उभी राहून सरकारास 'नाही' म्हणत होती. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते त्यांच्या त्या धैर्याविषयी.

धैर्याची किंमत करावयाची तर आधी भीतीचे माप घेतले पाहिजे. मीर उस्मान अली खान हे १९११ साली गादीवर आले त्या हैदराबाद संस्थानचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल होता आणि १९४१च्या शिरगणतीप्रमाणे त्यात एक कोटी साठ लाखांहून अधिक माणसे राहत होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी भाषेचे पाच जिल्हे त्यात होते, आणि इंग्रजी दप्तरात 'मंजलेगाव' म्हणून नोंदलेला आमचा तालुका त्यांपैकी बीड जिल्ह्यात मोडत असे. कचेरीत उर्दू, न्यायात उर्दू, वरच्या शिक्षणात उर्दू. ज्या रयतेचे दावे तेथे चालत ती बोलत होती मराठी, तेलुगू आणि कानडी. पटेल, पटवारी, गिरदावर, तहसीलदार, तालुकदार अशी ही उतरंड. आणि सर्वांत खालच्या मडक्यावर सर्वांचे ओझे. वेठीला कोणी जायचे, हे विचारण्याची सोय नव्हती.

या राज्याने काहीच चांगले केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, निजामसागरासारखे मोठे जलाशय बांधले गेले, आगगाडी आली. तथापि धरण बांधणाऱ्या राजास प्रजेचे तोंड बांधण्याचा अधिकार प्राप्त होतो, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? ते तोंड बांधण्याचे काम एका कागदाने केले. १९२९ सालची 'गश्ती निशान त्रेपन्न' या नावाने कुप्रसिद्ध झालेली आज्ञा अशी होती, की सरकारची पूर्वपरवानगी घेतल्यावाचून कोणीही जाहीर सभा भरवू नये. याच धर्तीच्या गश्तींनी खासगी शाळा आणि तालमीचे आखाडे यांनाही जखडून टाकले होते.

वाचकांनी या एका शब्दावर, 'परवानगी' या शब्दावर, क्षणभर थांबावे. जुलमी सत्तेचे बळ शिपायाच्या दंडुक्यात असते असे आपण समजतो. शिपाई मोजके असतात आणि रयत अगणित असते. केवळ दंडुक्याने इतकी माणसे इतकी वर्षे गप्प बसत नाहीत. प्रथम माणूस सभेसाठी परवानगी मागतो. ती दोन-चारदा नाकारली गेली की तो मागणेच सोडतो. पुढे घरात बोलतानाही आवाज उतरवितो. आणि शेवटी जे बोलावयाचे त्याचा विचारच मनात येऊ देत नाही, कारण विचार आला तर तो बोलावा लागेल! येथवर मजल गेली म्हणजे सरकारास शिपायाची गरज उरत नाही; प्रत्येक घरात बिनपगारी शिपाई बसलेला असतो. म्हणूनच अशा राज्यात जो पहिला माणूस परवानगीवाचून बोलतो, त्याच्या चार शब्दांचे मोल पुढे येणाऱ्या चार पलटणींहून कमी नसते. सरकारचा गुन्हा तर तो करतोच; त्याहून मोठी गोष्ट ही, की बोलता येते, हे तो शेजाऱ्यास दाखवून देतो.

माजलगावाहून उत्तरेस गोदावरी ओलांडून गेले की परतूर लागते, आणि दक्षिणेस अंबाजोगाई. या दोन गावांच्या मधोमध राहणाऱ्या आम्हां लोकांस ही चळवळ दूर कोठे हैदराबादेत झाली असे म्हणण्याची सोय नाही. अंबाजोगाईस, सरकारी दप्तरातल्या मोमिनाबादेस, १९३५ साली हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून एक संन्यासी शिक्षक आला. त्याचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगीस जन्मलेल्या या गृहस्थाने ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांत काम केले होते आणि १९३० साली संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले होते. आमच्याकडे संन्यासी म्हटला की मठ, पाद्यपूजा आणि शिधा हे ओघाने आलेच. या संन्याशाने अंबाजोगाईत योगेश्वरी नूतन विद्यालय नावारूपास आणण्यासाठी खडू हाती घेतला. परवानगीच्या राज्यात शाळा चालविणे हेच मुळी अर्धे बंड होते. कारण ज्या मुलास स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारता येतो, त्यास पुढे केव्हा तरी सरकारासही प्रश्न विचारावासा वाटणारच. १९३७ साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि मराठवाड्याच्या माणसास आपले गाऱ्हाणे चारचौघांत मांडण्यासाठी प्रथमच एक व्यासपीठ मिळाले.

पुढच्याच वर्षी कसोटीची वेळ आली. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हावयाची होती. सरकारने ती जन्मण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घातली! सनदशीर मार्गाने मागणे मागणाऱ्यांपुढे आता दोनच वाटा उरल्या: घरी जावे किंवा तुरुंगात जावे. १९३८च्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींसह अनेकांनी दुसरी वाट धरली. सत्याग्रहाची तऱ्हा फार साधी होती. ठरल्या वेळी भर रस्त्यात यावे, बंदी असलेल्या संस्थेचे आम्ही सभासद आहो असे सांगावे आणि हात पुढे करावे. त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, म्हणून त्यांची नावे कमी करण्यात आली, आणि त्यांपैकी अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. विशीच्या आतबाहेरची ही मुले! घरी आईबाप मुलगा वकील होऊन येईल या आशेवर बसलेले. एक गाणे सोडले असते तर पदवी मिळाली असती. त्यांनी पदवी सोडली. डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह स्थगित झाला आणि वरवर पाहणारास वाटले की सारे फुकट गेले. परंतु तुरुंग पाहून परत आलेला माणूस गावात नुसता हिंडला तरी गावाची भीती पायलीभर कमी होते, हा हिशेब सरकारास कधी जमला नाही.

वृत्तपत्राच्या पानावर लिहिताना एका संपादकाचे स्मरण केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. संस्थानात मोकळेपणी पत्र काढणे अशक्य, म्हणून आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३८ साली पुण्याहून 'मराठवाडा' काढला. निजाम सरकारने त्यास आपल्या हद्दीत बंदी केली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले. त्या नावावर बंदी आली. त्यांनी पुन्हा बदलले. असा हा पाठशिवणीचा खेळ पुष्कळ काळ चालला. अंक हद्दीत पोचविणाऱ्याने तो कोठे कोठे लपविला असेल, आणि एकाने वाचलेला अंक किती हातांतून फिरून चिंध्या झाला असेल, याची कल्पना ज्यांनी लपून वाचले नाही त्यांस येणार नाही. आज ज्यांच्या दारात वर्तमानपत्र न मागता येऊन पडते आणि न उघडता रद्दीत जाते, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

१९४७च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला आणि संस्थानातील प्रजेच्या पायांतील बेडी मात्र अधिकच घट्ट झाली. हिंदी संघराज्यात सामील व्हा, अशी मागणी करणाऱ्या स्वामीजींस १५ ऑगस्टलाच अटक झाली. २९ नोव्हेंबरच्या 'जैसे थे' कराराच्या सुमारास ते सुटले. त्या वेळी ते संस्थानाबाहेर सुरक्षित राहू शकले असते. त्यांस तसे करण्यावाचून कोणी दोषही दिला नसता. ते आत राहिले, बोलले, आणि १९४८च्या जानेवारीत पुन्हा पकडले गेले, ते थेट सप्टेंबरापर्यंत. इकडे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी गावोगाव उच्छाद मांडला. त्यापूर्वीच, १९४६ साली, नांदेड जिल्ह्यात अर्जापूरनजीक गोविंदराव पानसरे यांचा बळी पडला होता. सरहद्दीवर कँप उभे राहिले, करोडगिरीचे नाके जळाले, पटवाऱ्यांनी दप्तरे टाकली, वकिलांनी वकिली सोडली. जालना भागातील दगडाबाई शेळके यांच्यासारखी शेतकरी घरातील बाई घोड्यावर बसून या लढ्यात उतरली. आणि जिचे नाव कोणत्याही स्तंभावर नाही अशी प्रत्येक गावात एखादी बाई होती. तिने रात्री आलेल्या अनोळखी पोरांस भाकरी थापून दिली आणि सकाळी चौकशीस आलेल्या शिपायास 'आमच्याकडं कोन बी आलं न्हाई' एवढेच सांगितले. ज्या समाजात स्त्रीने परपुरुषापुढे उंबऱ्याबाहेर येऊ नये अशी रीत, त्या समाजातील बाईने सरकारच्या तोंडावर ठणकावून असत्य बोलावे, यास आम्ही सत्याग्रहच म्हणतो.

आता एक नाव असे, की जे प्रत्येक १७ सप्टेंबरास घेतले जावे आणि जे आमच्या गावांत क्वचितच ऐकू येते. शोएबुल्ला खान हे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. वय अवघे सत्तावीस. हैदराबादने हिंदुस्थानात सामील व्हावे आणि रझाकारांचा धिंगाणा थांबावा, असे ते उघड लिहीत. काही प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांनी याच मताचे निवेदन काढले, तेही त्यांनी छापले. धमक्या आल्या, लेखणी थांबली नाही. १९४८च्या ऑगस्टात, २१ तारखेच्या रात्री काम आटोपून घरी परतत असता त्यांच्यावर मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांचा हात तोडला. जो हात लिहितो तो तोडावा, हा जुलमी सत्तेचा न्याय इतका उघडपणे क्वचितच बजावला गेला असेल. सत्तावीस दिवसांनी निजामाने शरणागती पत्करली.

परक्या राज्याविरुद्ध बोलणे कठीण खरे, परंतु आपल्याच जातीच्या, आपल्याच धर्माच्या, आपल्या गल्लीतल्या माणसांविरुद्ध न्यायासाठी उभे राहणे त्याहून कठीण आहे. पहिल्यास घरचे लोक वीर म्हणतात. दुसऱ्यास घरचेच लोक फितूर म्हणतात. शोएबुल्ला खान हे हा दुसऱ्या प्रतीचा घोट प्याले. म्हणून जे लोक या लढ्यास हिंदू-मुसलमानांचे भांडण म्हणून सांगतात, ते मुसलमानांवर अन्याय करतात एवढेच नव्हे, तर लढ्याचे मोलही कमी करतात. लढा होता तो परवानगीचे राज्य आणि माणसाचा शब्द यांमधला.

आणि येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर या मुलखात मुसलमान वस्तीवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. तिने अत्यंत सावध अंदाज म्हणून सबंध संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असे नमूद केले. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा येथील हाल सर्वांत भयंकर. त्यांच्या खालोखाल ज्या जिल्ह्यांची नावे आहेत त्यांत आमचा बीड जिल्हाही आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांचे पाप सांगावे आणि हे झाकावे, असा सोयीचा इतिहास शाळेत शिकविला तर आपणही एक नवी गश्तीच काढली असे होईल. परंतु त्याच अहवालात असेही नोंदलेले आहे, की कित्येक हिंदूंनी स्वतःचे प्राण धोक्यात घालून, प्रसंगी गमावून, मुसलमान शेजाऱ्यांस वाचविले. सरकार निजामाचे असो की पिसाट जमावाचे असो, त्याच्या पुढ्यात दारात आडवे उभे राहून 'नाही' म्हणणारे हे लोक शोएबुल्ला खानांचेच सगे होत. त्यांची नावे कोणत्या स्तंभावर आहेत?

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील, की हे सर्व भावनेचे झाले. खरे काम फौजेने केले, मूठभर लोकांनी तुरुंगात बसून काय साधले? त्यांस आमचे उत्तर असे. फौज पाच दिवसांत सरहद्दीवरून हैदराबादेस पोचली आणि राजा बदलला. पण राजा बदलल्याने प्रजा नागरिक होत नाही. जेथे दहा वर्षे कोणी 'नाही' म्हटलेच नसते, तेथे एका मालकाच्या जागी दुसरा मालक आला असता आणि लोकांनी त्याच अदबीने मुजरा केला असता. पलटणीने दरवाजा उघडला हे खरे. बाहेर पडण्याची इच्छा ज्यांनी जिवंत ठेवली ते हे लोक होते.

दुसरे कोणी म्हणतील, की आता राज्य आपले आहे, मत देण्याचा अधिकार आहे, मग विरोधाचे हे गोडवे कशास? राज्य आपले आहे म्हणूनच. २५ जून १९७५ ते मार्च १९७७ या एकवीस महिन्यांत आपल्याच लोकांनी निवडलेल्या सरकारने वर्तमानपत्रांवर बंधने घातली आणि हजारोंस चौकशीवाचून स्थानबद्ध केले, ही गोष्ट फार जुनी नव्हे. निजामाविरुद्ध लढलेले आणि पुढे 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक झालेले अनंतराव भालेराव यांस त्या काळात पुन्हा तुरुंग पाहावा लागला. एकाच माणसास निजामाने विरोधक ठरवावे आणि स्वराज्यानेही विरोधक ठरवावे, यात दोष माणसाचा की सत्तेच्या स्वभावाचा? त्याच १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी सत्ताधाऱ्यांच्या समक्ष लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला. पुढे त्यांस अटक झाली. ती सभा भरली होती साहित्यासाठी, परवानगी होती सौजन्याने बोलण्याची. बाई परवानगीवाचून बोलल्या.

ही जात सर्व देशांत एकच आहे. म्युनिकच्या विद्यापीठात हिटलरविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल हान्स आणि सोफी शोल या भावंडांस १९४३च्या फेब्रुवारीत देहान्त शासन झाले, तेव्हा सोफीचे वय एकवीस होते. रशियाचे अलेक्सी नवाल्नी विषप्रयोगातून वाचल्यावर जर्मनीत सुखाने राहू शकले असते. २०२१च्या जानेवारीत ते अटक होणार हे जाणून मायदेशी परतले आणि १६ फेब्रुवारी २०२४ रोजी तुरुंगात मरण पावले. स्वामीजी १९४७च्या हिवाळ्यात आत का राहिले, याचे उत्तर ज्यांस समजले त्यांस या परतण्याचे कोडे पडणार नाही. बाहेरून बोललेला शब्द कितीही खरा असो, आत राहून भोगणारांस तो पाहुण्याचा वाटतो.

आता शेवटी कर्तव्याविषयी चार शब्द. हार वाहून हे ऋण फिटणार नाही. पहिले असे, की प्रत्येक गावाने आपल्या शाळेत त्या दिवशी आपल्याच गावातील व पंचक्रोशीतील माणसांची नावे वाचावीत: तुरुंगात गेलेल्यांची, भाकरी देणाऱ्या बायांची, आणि शेजारी वाचविणाऱ्यांचीही. ज्यांनी ते दिवस पाहिले अशी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून जे लिहून घ्यावयाचे ते आज घेतले नाही तर कायमचे गेले. दुसरे असे, की त्या काळची दप्तरे उर्दूत आणि मोडीत पडून आहेत. ती वाचू शकणारी माणसे तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकीही उरली नाहीत. ज्या उर्दूत आम्हांस हुकूम मिळाले त्याच उर्दूत शोएबुल्ला खानांनी आमची बाजू मांडली. भाषेवर राग धरून इतिहास गमावणे यात शहाणपण कोणते? महाविद्यालयांनी उर्दू आणि मोडी वाचनाचे वर्ग काढावेत आणि मुलांस ही दप्तरे उघडू द्यावीत.

तिसरे सर्वांत अवघड, कारण त्यास पैसा लागत नाही. गावच्या ग्रामसभेत एखादा गडी, बहुधा फाटक्या सदऱ्याचा, उभा राहून विचारतो, 'पाण्याच्या टाकीचा हिशेब कुठं हाय?' चार पुढारी हसतात, कोणी 'खाली बस' म्हणतो, आणि आपण इतर सारे जमिनीकडे पाहत बसतो. उद्या त्याचे काम अडते, त्याच्या पोराची वाट अडते, आणि आपण म्हणतो, 'कशाला बोलावं यानं?' वाचकहो, गश्ती निशान त्रेपन्न सरकारी दप्तरातून कधीच गेली. ती आपल्या या वाक्यात अजून चालू आहे. त्या गड्याचे म्हणणे बरोबरच असेल असे नाही. ते चूक असेल तर हिशेब दाखवून त्यास चूक ठरवावे. पण त्यास खाली बसविणाऱ्या हातास, तो आपल्या जातीचा असो, पक्षाचा असो की भावकीचा असो, जो पहिला माणूस भरसभेत अडवील, त्यानेच १७ सप्टेंबर खरा साजरा केला असे आम्ही समजू. पुढच्या ध्वजारोहणास तो चुणचुणीत मुलगा रांगेत उभा असेल. त्याच्या प्रश्नास गुरुजींनी अशा एखाद्या माणसाकडे बोट दाखवून उत्तर द्यावे, एवढीच आमची इच्छा आहे.